पूर्वेचा प्रवास आणि चौविहार

मुंबई व कोलकाता विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे १,६५० किलोमीटर. उड्डाण साधारण अडीच तासांचे. व्यापारानिमित्त अथवा शिखरजीच्या वाटेवर जाणाऱ्या चौविहारी श्रावकांनी एवढाच हिशोब करू नये. घड्याळ दोन्हीकडे एकच, सूर्यास्त निराळा! कोलकाता सुमारे साडेपंधरा अंश पूर्वेस असल्याने तेथे सूर्य तासभर आधी मावळतो. डिसेंबरात मुंबईचा सूर्यास्त सहाच्या सुमारास, कोलकात्याचा पाचच्याही आत. दुपारी अडीचला निघालेले विमान पाचला उतरते, तेव्हा पाणीसुद्धा वर्ज्य झालेले असते. म्हणून घरचा डबा विमानातच, चारपर्यंत उघडावा. परतताना पश्चिमेचे वारे समोरून येतात, वेळ थोडा अधिक लागतो. परंतु सूर्यास्तही लांबतो. दुसऱ्या दिवशीची नवकारसी मुंबईच्या सूर्योदयापासून ४८ मिनिटांनी.