विश्वासाचें दिवाळें

आमच्याकडील सुशिक्षित घरांतून मुलगा प्रथम कचेरींत जाऊं लागला म्हणजे वडील माणसें त्याला एक उपदेश हमखास करतात: वरिष्ठांच्या तोंडीं लागूं नये, आपण बरें कीं आपलें काम बरें. हा उपदेश व्यवहारचातुर्याचा समजला जातो. आमचें म्हणणें असें कीं, ज्या कचेरींत हा उपदेश खरोखरच शहाणपणाचा ठरतो ती आंतून पोखरलेली असते, आणि तिला पोखरणारा तिचा धनीच असतो.

दाखल्यासाठीं रत्नागिरीकरांना दूर जावयास नको. याच जिल्ह्यांत, गुहागर तालुक्यांतील अंजनवेलच्या किनाऱ्यावर एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या पुढाकारानें दाभोळचा वीजप्रकल्प उभा राहिला. १९९३ मध्यें वीज मंडळाशीं करार झाला, १९९५ मध्यें राज्य सरकारनें तो रद्द केला, १९९६ मध्यें तो फिरून जिवंत झाला, १९९९ मध्यें वीज निघूं लागली, आणि दराच्या तंट्यापायीं २००१ च्या मे महिन्यांत ती बंदही पडली. त्या कराराचा खल महाराष्ट्रांत पुष्कळ झाला. परंतु ह्यूस्टन येथील मुख्य कचेरींत या कंपनीचे चालक आपल्याच नोकरांशीं कसे वागत होते, हा धडा आमच्या कचेऱ्यांना अधिक जवळचा आहे.

आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता हीं चार तत्त्वें कंपनी मिरवीत असे. नीतिनियमांची छापील पुस्तिका नोकरांच्या हातीं देण्यांत येई. पण १९९९ मध्यें मुख्य वित्ताधिकारी अँड्र्यू फॅस्टो यांना, कंपनीशींच व्यवहार करणाऱ्या खासगी भागीदाऱ्या चालवितां याव्यात म्हणून, संचालक मंडळानें त्याच नियमांतून सूट दिली. नियम पायरीवरच्यांना आणि सूट माडीवरच्यांना! दर सहा महिन्यांनीं नोकरांची प्रतवारी लावून तळाच्या वर्गांतील लोकांना नारळ देण्याची वहिवाट होती. मग शेजारच्या टेबलावरचा सोबती प्रतिस्पर्धी झाला, तर नवल कसलें?

अशा ठिकाणीं हिशेबांतली खोट कोण दाखवील? एका बाईंनीं ती दाखविली. २००१ च्या ऑगस्टमध्यें शेरॉन वॉटकिन्स यांनीं अध्यक्ष केनेथ ले यांना पत्रानें कळविलें कीं, हिशेबांतील भानगडी बाहेर आल्यास कंपनी कोसळेल. यावर कंपनीनें वकिलांकडून सल्ला मिळविला, तो अशा बाईला कामावरून काढल्यास काय होईल याचा! पुढच्याच महिन्यांत ले नोकरांना सांगत होते कीं, कंपनीचा शेअर मोठा स्वस्त आहे. आणि त्याच वर्षीं स्वतःचे शेअर विकून कोट्यवधि डॉलर उचलीत होते. नोकरांच्या निवृत्तीच्या पुंजीचा निम्म्याहून अधिक भाग याच शेअरांत अडकला होता. २००० सालीं नव्वद डॉलरांच्या घरांत गेलेला हा शेअर एका डॉलराखालीं आला आणि २ डिसेंबर २००१ रोजीं दिवाळें निघालें. हजारों माणसें नोकरीसही मुकलीं आणि म्हातारपणच्या ठेवीसही. निवडक अधिकाऱ्यांना मात्र दिवाळ्याच्या तोंडावर सुमारें साडेपांच कोटि डॉलर वांटण्यांत आले.

कोणी म्हणेल, ही लबाडांची कथा झाली. आमचे साहेब कडक असतील, पण चोर नव्हेत. कबूल. परंतु चोरी ही या जिन्याची शेवटची पायरी आहे. खरें बोलणें महाग होणें, ही पहिली. ती पायरी आमच्या किती कचेऱ्या, शाळा आणि पतपेढ्या उतरून गेल्या आहेत, हें वाचकांनींच मनाशीं मोजावें. कडकपणा आणि दहशत हीं भिन्न आहेत. कडक धनी चूक कळतांच काम सुधारून घेतो. दहशतीचा धनी चूक कळविणारालाच घालवितो. होडींत पाणी शिरलेलें तळाशीं बसलेल्या खलाशाला आधीं दिसतें. तो ओरडला म्हणून त्याला दटावणारा तांडेल होडी वांचवीत नाहीं. बुडण्याची बातमी तेवढी लांबवितो. पुढें खलाशी ओरडेनासे होतात, आणि मग हाच तांडेल तक्रार करतो कीं, हल्लींच्या माणसांना कामाची आस्था उरली नाहीं!

विश्वास ही पुंजी जमाखर्चाच्या वहींत लिहिलेली नसते. म्हणूनच ती उधळणाराला कोणी जाब विचारीत नाहीं. अंजनवेलची यंत्रें फिरविणारे पुढें मिळाले. २००५ मध्यें एनटीपीसी आणि गेल यांच्या पुढाकारानें रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी निघाली आणि २००६ मध्यें तेथें पुन्हां वीज निर्माण होऊं लागली. यंत्रांना नवा मालक चालतो. फसवणूक झालेल्या माणसाचें मन नव्या फलकानें वळत नाहीं.

तेव्हां ज्यांच्या हातीं चार माणसांची भाकरी आहे, त्यांनीं स्वतःस एकच प्रश्न विचारावा: गेल्या वर्षांत आपणांस 'हें चुकलें' असें तोंडावर किती जणांनीं सांगितलें, आणि सांगणारांचें पुढें काय झालें? पहिल्याचें उत्तर 'कोणींच नाहीं' असें असेल, तर ती आपल्या कर्तबगारीची पावती नसून दिवाळ्याची पहिली नोटीस समजावी. आणि घरच्या वडील मंडळींनीं मुलाला तोंड मिटून बसावयास शिकविण्याऐवजीं खरी गोष्ट सभ्यपणें आणि पुराव्यानिशीं कशी सांगावी, हें शिकवावें. कारण आजचा मुका कारकूनच उद्यां साहेब होतो, आणि आपण गिळलेलें मौन तो व्याजासह हाताखालच्यांकडून वसूल करतो.