चौदा किलोचा मासा

माशाची गोष्ट सांगताना कोणी हात आखडता घेत नाही. कामठीजवळ कन्हान नदीच्या काठी रविवारी सकाळी जाऊन पाहा. कोणी रंगारी, कोणी ऑटोवाला, कोणी रेल्वेतला फिटर, एखादे निवृत्त मास्तर, असे सगळे गळ टाकून बसलेले असतात. चहा फिरतो आणि गोष्टी सुरू होतात. कोणी बारा किलोचा कतला ओढलेला असतो, तर कोणाचा त्याहून मोठा रोहू तंगूस तोडून पळालेला असतो. निसटलेला मासा धरलेल्यापेक्षा नेहमीच मोठा! कोकणातला छंदी माणूस खाडीतल्या जिताड्याबद्दल असेच बोलतो. पाणी गोडे असो की खारे, बढाईची चव एकच.

आता तर मोबाईल आला. आमच्या वस्तीतल्या एका तरुणाने मला परवा फोटो दाखवला. मासा जवळजवळ त्याच्या छातीएवढा दिसत होता. मी म्हटले, "अरे, पंधरा किलोचा तरी असेल!" तो हसला. म्हणाला, "नाही काका, साडेतीनचा आहे. हात लांब करून कॅमेऱ्यापुढे धरला की मोठा दिसतो."

त्याच्या प्रामाणिकपणाचे मला कौतुक वाटले. पण त्याच वेळी माझ्या मनातला एक जुना काटा सलला. आज त्याच काट्याविषयी लिहीत आहे.

माझे बाबा गिरणी कामगार होते. सुटीच्या दिवशी पहाटे सायकलीच्या दांड्याला बांबूची काठी बांधायची आणि कामठी गाठायची, हा त्यांचा नेम. तिथे कन्हान, पेंच आणि कोलार या तीन नद्या एकत्र येतात. कणकेत शेंगदाण्याची ढेप कालवून ते आमिषाच्या गोळ्या करीत. मला कधी सोबत नेले तर शिकवीत, "पाण्यालाही मजले असतात. कतला वरच्या मजल्यावर चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळमजल्यावर. कोणाच्या घरी जायचं ते आधी ठरव, मग गळ सोड." सातवी शिकलेला हा माणूस नदीबाबत मात्र मास्तर होता.

गोष्ट १९८९ सालची. अशोक विजयादशमी तोंडावर आली होती. दीक्षाभूमीवर येणारे वऱ्हाडातले नातेवाईक दरवर्षी आमच्याच दोन खोल्यांत उतरत. इकडे गिरणीचा पगार चार महिन्यांपासून थकला होता. त्या आठवड्यात बाबा सायकलीला भला मोठा कतला लटकवून घरी आले. वस्ती गोळा झाली. बाबांनी मासा दारापाशी उभा धरून कोळशाने खूण केली. सुतळी त्याच्या पोटाभोवती गुंडाळून दोन गाठी मारल्या आणि ती सुतळी ट्रंकेत जपून ठेवली. पाहुण्यांची सोय झाली. आम्ही पोरे पोटभर जेवलो.

पुढे बाबा ही गोष्ट प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगत. शेवटी म्हणत, "चौदा किलो भरला. काट्यावर मोजला!"

मी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. नुकतेच ऑडिटिंग शिकत होतो, त्यामुळे सगळे जग तपासण्यासाठीच आहे असे वाटत होते. चुलत बहिणीच्या लग्नात बाबांनी चौदा किलो म्हणताच मी सर्वांसमक्ष म्हणालो, "बाबा, दारावरची खूण तर तीस इंचांची आहे. एवढ्या माशाचे चौदा किलो कसे होतील?" मंडपात हशा पिकला. बाबाही हसले. पण त्यानंतर त्यांनी ती गोष्ट कधी सांगितली नाही. मी एका बढाईखोर बापाला सुधारले, असे मला वाटले. बाबा जाऊन आता अकरा वर्षे झाली.

मागच्या महिन्यात त्या फोटोवाल्या तरुणाकडून एक सूत्र कळले. मासा पाण्यात परत सोडणारे छंदी लोक वजन असे काढतात : लांबी इंचांत घ्यायची, पोटाचा घेर इंचांत घ्यायचा, घेराला घेराने गुणायचे, त्याला लांबीने गुणायचे आणि ८०० ने भागायचे. उत्तर पौंडांत येते. अंदाजच तो, पण बराच जवळचा. कारकुनाला गुणाकार मिळाला की राहवत नाही. ट्रंक उघडली, सुतळी काढली. दोन गाठींमधले अंतर वीस इंच निघाले. तीस गुणिले वीस गुणिले वीस, भागिले आठशे. पंधरा पौंड. म्हणजे सुमारे ६.८ किलो. बाबांनी बरोबर दुप्पट सांगितले होते!

तो कागद घेऊन मी बाबांच्या जोडीदाराकडे गेलो. दोघे एकाच खात्यात कामाला, एकाच काठावर गळाला. आम्ही त्यांना काकाजी म्हणतो. जयभीम केला, हिशेब दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो कागद वाचला आणि म्हणाले, "बाबू, तुया हिशेब बराबर हाय. पण तुयी वही अर्धी हाय."

"म्हणजे?"

"मासे दोन होते. कामठीच्या किराणा दुकानात तराजूवर टाकले, दोन्ही मिळून चौदा किलो भरले. एक तुमच्या घरी आला. दुसरा रस्त्यात दुसऱ्या एका घरी गेला. थे घरही आपल्याच गिरणीतलं. त्यायच्याकडेही पाव्हणे येणार होते अन् चूल थंडी होती. तुया बाप मले म्हणे, कोठी बोलू नोको. देल्याची गोष्ट केली का घेणाऱ्याची मान खाली जाते."

मी गप्प झालो. बाबांना चौदा किलोंचा आनंद लपवता येत नव्हता आणि दुसऱ्या माशाचे नाव घेता येत नव्हते. म्हणून त्यांनी दोन मासे एका गोष्टीत बसवले. तपासनीस मुलाने मांडवात ती गोष्ट मोडली, तेव्हाही त्यांनी खुलासा केला नाही. एका शब्दात ते मला खोटे पाडू शकले असते. पण मग त्या घराचे नाव निघाले असते आणि त्या घरातली माणसे त्याच मांडवात बसली होती.

घरी येऊन आईला सांगितले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला ठाऊक होतं. तू कधी विचारलंच नाहीस."

वाचकहो, तेव्हापासून मोजमापाचा प्रश्न डोक्यातून जात नाही. आपण मासा किती किलोचा एवढेच विचारतो. पण तेवढ्या एका आकड्याने काय कळते? १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातील एकाने तिकडच्या कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महसीर गळाला लावला. त्या विक्रमाचे नाव आजही निघते. पण ती कुबडाची महसीर जात कावेरी खोऱ्याखेरीज जगात कुठे नाही. धरणे, वाळूउपसा, नदीत फोडलेले सुरुंग आणि बाहेरून आणून सोडलेली दुसरी महसीर यांमुळे ती आज नष्ट होण्याच्या काठावर आहे. शास्त्रज्ञांनी तिचे शास्त्रीय नाव नक्की केले ते २०१८ मध्ये. विक्रमाची नोंद राहिली, मासा मात्र संपत चालला.

आपल्याकडचे कतला, रोहू, मृगळ साठलेल्या तळ्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातले नदीचे वाहते, चढते पाणी लागते. म्हणूनच तलावात दरवर्षी बोटुकली आणून सोडावी लागते. पुराच्या पहिल्या पाण्यात प्रवाहाविरुद्ध चढणारी मोठी मादी पोटुशी असते. तिच्या पोटात वजनाच्या दर किलोमागे लाखाहून अधिक अंडी असतात. नेमकी तीच फोटोत सर्वांत भरदार दिसते! मरळीचे तर आणखी वाईट. मरळ आपल्या पिलांच्या थव्यावर पहारा देते. त्या थव्यात गळ हलवला की ती भुकेने नव्हे, पिलांच्या रक्षणासाठी त्यावर झडप घालते. असा मासा धरण्यात कसला पराक्रम? समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. नदीकाठच्या हौशी माणसाने पावसाळ्यात स्वतःच गळ गुंडाळून ठेवायला काय हरकत आहे?

आपल्या वाचकांपैकी कोणी विचारील, पहिल्या शीलाचे काय? प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गरजेपोटी मारणे आणि मारण्याच्या इच्छेने मारणे यांत भेद केला आहे. १९८९ च्या त्या आठवड्यात दोन घरांना गरज होती. आज माझ्या घरी ती नाही, हे मी मान्य करतो. केवळ फोटोसाठी मासा मारणे कुठल्या रकान्यात जाईल, हे प्रत्येकाने आपापल्या मनाशी ताडून पाहावे. सोडून देणाऱ्यानेही हात ओले करून, गळ हलकेच काढून, मासा लवकर पाण्यात सोडावा. सुक्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि पुढे तो जगेलच असे नाही.

आणखी एक. हीच कन्हान पुढे आपल्या शहरातून वाहत आलेल्या नागनदीचे सांडपाणी पोटात घेते आणि वैनगंगेला मिळते. ते पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात जाते. काठावरच्या ढीवर बांधवांचे पोट याच पाण्यावर आहे. आपण रविवारी हौस करतो, त्यांचे सातही वार पाण्यातच जातात. म्हणून काठावर बसणाऱ्याने नदीच्या घाणीविरुद्धच्या अर्जावर सही करायला मागे राहू नये.

त्या तरुणाला मी बाबांची सुतळी दाखवली. त्याने ती हातात घेऊन बराच वेळ पाहिली. नंतर म्हणाला, "काका, पुढच्या वेळी मी सुतळीनेच मापीन आणि सोडून देईन. फोटो असला काय, नसला काय." तो शब्द पाळेल की नाही, हे येत्या आषाढात कळेल.

मंडपातले माझे ते वाक्य आता परत घेता येत नाही. मात्र तुमच्या घरात कोणी वडीलधारे माशाची गोष्ट सांगत असतील, तर माझ्यासारखा आधी गुणाकार करू नका. जवळ बसा. तो मासा कोणाकोणाच्या ताटात गेला, हे आधी विचारा.