इंजिनाची तेरीज

दापोडीला मोटारीच्या इंजिनाचे अप्रूप नाही. एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा इथेच आहे. हॅरिस पूल ओलांडून जुना मुंबई-पुणे रस्ता इथूनच पिंपरी-आकुर्डीकडे जातो, आणि त्या वाटेवर टेल्को, बजाजच्या कारखान्यांनी कित्येक घरांच्या चुली पेटवल्या. कारखान्यांच्या आधाराने गल्लोगल्ली गॅरेजेस उभी राहिली. तिथल्या मिस्त्रीचे खरे भांडवल म्हणजे त्याचा कान. बॉनेट उघडायचे, कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा आटा फिरवायचा, डिस्ट्रिब्यूटर केसभर सरकवायचा आणि इंजिनाचा सूर लागला की फडक्याला हात पुसत बाजूला व्हायचे. त्याला ट्यूनिंग म्हणत.

धुराचे नियम कडक होत गेले तसा मोटारींतून कार्बोरेटर हद्दपार झाला. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानके लागू झाली. आता किती इंधन सोडायचे आणि ठिणगी नेमकी कधी टाकायची हे ईसीयू नावाचा छोटा संगणक ठरवतो. फिरवायला स्क्रूच उरला नाही. उरले ते सॉफ्टवेअर. म्हणून जुनी मंडळी हळहळतात, की हातातले कसब गेले. मला हे पटत नाही. कसब गेलेले नाही, त्याने जागा बदलली आहे. काळजी निराळ्याच गोष्टीची आहे. हे नवे कसब शिकवले जाते तेव्हा त्याचे शेवटचे पान आधी उघडले जाते.

तरुण पोरांच्या तोंडी हल्ली ‘रीमॅप’ हा शब्द असतो. लॅपटॉप जोडा, कंपनीची फाइल काढा, कुठून तरी मिळालेली दुसरी भरा, गाडी पळायला लागते! हे ट्यूनिंग नव्हे. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा आपल्या डोळ्यांवर चढवण्यासारखे आहे.

मॅप म्हणजे काय, ते तरी पाहू. पाढ्यांच्या तक्त्यासारखा एक तक्ता डोळ्यांसमोर आणा. आडव्या ओळीत इंजिनाचे मिनिटाला फेरे, उभ्या ओळीत त्याच्यावरचा भार, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. एका तक्त्यात इंधनाचा हिशेब, दुसऱ्यात ठिणगीचा. एक ग्रॅम पेट्रोल पुरते जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा जास्त झाली तर मिश्रण पातळ, पेट्रोल जास्त झाले तर घट्ट. पिस्टन माथ्यावर पोहोचण्याच्या काही अंश आधी ठिणगी पडावी लागते. भार जास्त असताना ती फार आधी पडली की नॉकिंग सुरू होते आणि ते बळावले तर पिस्टन फुटतो. चौकटीतला एक आकडा बदलायला क्षणभर पुरतो, पण त्याची किंमत अख्ख्या इंजिनाने मोजावी लागते.

म्हणून माझ्या मते शिकण्याची सुरुवात आकडे बदलण्याने नव्हे, आकडे वाचण्याने व्हावी. मी उमेदीची वर्षे बँकेत काढली. तिथे रोज तेरीज जुळवावी लागे. ईसीयूसुद्धा तेच करत असतो. धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर त्याला क्षणोक्षणी सांगतो, की मिश्रण पातळ झाले की घट्ट. त्याप्रमाणे तो इंधनात टक्का-दोन टक्के वाढ-घट करतो आणि त्याची नोंद ठेवतो. तिला ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात. डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला साधे यंत्र जोडले की ती दिसते. ही नोंद सतत अधिक पंधरा-वीस टक्के दाखवत असेल, तर कुठे तरी चोरवाटेने हवा शिरते आहे, पंप थकला आहे किंवा सेन्सर मळला आहे. अशा वेळी दोष न शोधता मॅपमध्येच इंधन वाढवणे म्हणजे न जुळणारी रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून घरी जाणे होय. त्या दिवसापुरता ताळा जमतो, भोक मात्र तसेच राहते.

आधी रोग शोधावा, मूळ फाइल जपून ठेवावी, एका वेळी एकच गोष्ट थोडी बदलावी, आणि पुन्हा मोजावे. फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धांसाठी गाड्या बांधणारी अभियांत्रिकीची मुले मोकळ्या ईसीयूवर हेच करतात. रस्त्यावरच्या गाडीवर मात्र हात चालवण्याला मर्यादा आहे, आणि ती असलीच पाहिजे. धूर गाळणारी जाळी काढून सॉफ्टवेअरला गप्प बसवणारे आपल्याकडे कमी नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अशा बेकायदा फेरफाराला दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

हा मोह फक्त गॅरेजवाल्यांनाच पडतो असेही नाही. चाकणमध्ये ज्या फोक्सवॅगनचा कारखाना आहे, त्या कंपनीच्या डिझेल गाड्यांचे सॉफ्टवेअर चाचणी ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करते, हे सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झाले. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ते होते. डिसेंबरमध्ये भारतातल्याही ३ लाख २३ हजार ७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची घोषणा झाली. आकडे उत्तम वाचणाऱ्यांनीच हे केले होते. तेव्हा नुसते ज्ञान पुरत नाही, नियतही हवी.

पण म्हणून सारी किल्ली कंपन्यांच्याच खिशात ठेवायची, हे मला मान्य नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने बाहेरच्या गॅरेजना न दिल्याबद्दल. प्रकरण पुढे अपिलांत गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढले. पोर्टल असून भागत नाही. माहिती दापोडीतल्या दोन गाळ्यांच्या गॅरेजपर्यंत, परवडेल अशा भावात आणि शक्यतो मराठीत पोहोचली पाहिजे. आयटीआयमध्ये पान्याबरोबर लॅपटॉप हवा, आणि शिकवायला पुस्तकी मास्तराच्या शेजारी जुना मिस्त्री. कारण आकडा चुकतो आहे हे पडदा सांगतो, पण तो का चुकतो आहे याचा अंदाज अजून कानालाच आधी येतो.

आणि आपण गिऱ्हाइकांनी? ‘गाडी किती पळेल?’ असे विचारण्याआधी ‘तुम्ही काय मोजलेत?’ एवढे विचारले तरी पुष्कळ झाले. जो मिस्त्री या प्रश्नाला सरळ उत्तर देईल, त्याच्या हाती गाडी सोपवायला हरकत नाही.