मोडीत काढायची घाई

दिवाळी जवळ आली की वर्तमानपत्रांची पाने जाहिरातींनी फुगतात आणि त्यांतून एक आरोळी हमखास ऐकू येते : जुने द्या, नवे न्या! सणासुदीला घरात नवी वस्तू येऊ नये असे म्हणण्याइतका मी अरसिक नाही. नवे अवश्य घ्यावे. पण हौसेने घ्यावे, नाइलाजाने नव्हे. कपडे धुण्याच्या यंत्राच्या बाबतीत हा नाइलाज मुद्दाम निर्माण केला जातो, असा माझा स्पष्ट आरोप आहे. मोटर बिघडली की सगळे यंत्रच मेले असे सांगण्याची जी रीत पडली आहे, ती ग्राहकाला लुबाडण्याची रीत आहे.

आपल्या आज्यांना ही भाषा कळली नसती. कल्हई उडाली म्हणून कुणी पातेले मोडीत घातले नाही. जाते बोथट झाले तर टाकीवाली दारात येई, गादी दबली तर पिंजारी येई. वस्तू विकत घेणे म्हणजे तिची डागडुजी करण्याचा अधिकार घेणे, हे कुणाला वेगळे सांगावे लागत नसे. विजेची यंत्रे घरात आली आणि हा अधिकार मात्र गुपचूप दुकानदाराच्याच काउंटरवर राहिला.

आता ही मोटर म्हणजे काय प्रकरण आहे ते पाहा. दोन टाक्यांच्या साध्या यंत्रात दोन मोटरी असतात : एक धुण्याची, एक पिळण्याची. धुण्याची मोटर आळीपाळीने उलटसुलट फिरते आणि पट्ट्याच्या साह्याने तळाची चकती फिरवते. तिच्या जोडीला कपॅसिटर नावाची एक लहानशी डबी असते. ही डबी निकामी झाली की मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. आणि तशीच गुणगुणत ठेवली तर जळते. पुढून दार असलेल्या अनेक जुन्या यंत्रांच्या मोटरीत कार्बनचे दोन ब्रश असतात. पेन्सिलीचे शिसे झिजावे तसे ते झिजतात आणि बदलता येतात. म्हणजे ‘मोटर गेली’ या दोन शब्दांत कपॅसिटर, ब्रश, बेअरिंग आणि तारेचे वेटोळे अशी चार निरनिराळी दुखणी दडलेली असतात. ताप कशाचा हे न पाहताच रोग्याला स्मशानाची वाट दाखवणाऱ्या वैद्याला आपण काय म्हणू?

आमच्या घरी असा एक वैद्य येऊन गेला. यंत्र 14 वर्षांचे. कंपनीच्या माणसाने मागचे झाकणसुद्धा न काढता निकाल दिला, “काका, हे मॉडेल बंद झालंय. मोटर मिळणार नाही. एक्स्चेंजमध्ये देऊन टाका.” सौभाग्यवतींना हा निकाल मान्य नव्हता. त्यांनी मोटर सोडवून घेऊन मला कोपऱ्यावरच्या रिवाइंडिंगवाल्याकडे पाठवले. त्याने ती उघडली आणि म्हणाला, “काका, मोटर जळली म्हणजे तार जळली. लोखंड कुठं जळतं?” आतली तार ॲल्युमिनियमची होती. ॲल्युमिनियम स्वस्त असते, पण त्याची वीज वाहून नेण्याची क्षमता तांब्याच्या सुमारे 61 टक्केच. त्याने जुने वेढे मोजले, तांब्याची तार भरली, दोन बेअरिंगे आणि कपॅसिटर बदलला. खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाहून कमी आला.

यावर शहाणे लोक म्हणतात, “नवे यंत्र वीज आणि पाणी वाचवते.” काही यंत्रे वाचवत असतील. पण दोन टाक्यांच्या यंत्रात पाणी किती भरायचे ते आपल्याच हाती असते. शिवाय नवे पत्रे, नवे प्लास्टिक, नवे तांबे घडवायला जे जाळले जाते, त्याचा हिशेब या वाचवणाऱ्यांच्या वहीत कधीच दिसत नाही.

दुसरा आक्षेप असा, की जुन्या मॉडेलचे भाग कंपनीने किती काळ सांभाळायचे? याला उत्तर आहे. युरोपीय संघाने 1 मार्च 2021 पासून नियम लागू केला : धुलाई-यंत्राच्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यावर किमान 10 वर्षे सुटे भाग मिळाले पाहिजेत. त्या यादीत मोटर आहे आणि ब्रशही आहेत. भाग मागितल्यावर कारागिराला तो 15 कामाच्या दिवसांत पोचवायचा. तिथे हे जमते, तर इथे का जमू नये? आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’ची चौकट आखण्यासाठी समिती नेमली, डिसेंबरात संकेतस्थळही उघडले. चांगलेच झाले. पण समितीने मोटर फिरत नाही. मुदत आणि दंड लिहिलेला कायदा हवा.

प्रत्येक यंत्र वाचवावेच असा माझा हट्ट नाही. पत्रा गंजून चाळण झाली, टाकी तडकली, तर त्याला निरोप द्यावा. माझा राग आहे तो आजच बांधल्या जाणाऱ्या उद्याच्या भंगारावर. काही यंत्रांची टाकी अशी कायमची चिकटवून टाकतात, की एका बेअरिंगसाठी सारी टाकीच बदलावी लागते. मोटरीवर 10 वर्षांची हमी ठळक अक्षरांत छापतात. पण मोटर चालवणारे सर्किट बहुतेकदा त्या हमीबाहेर असते, आणि हे कळायला भिंग लागते. घोड्याची हमी द्यायची आणि लगाम आपल्या खिशात ठेवायचा, असला हा व्यवहार!

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत यंत्र घ्यायला गेलात तर रंग आणि बटणे पाहण्याआधी चार प्रश्न विचारा. मोटर सुटी मिळेल का? तिची किंमत काय? किती वर्षे मिळेल? तार तांब्याची की ॲल्युमिनियमची? उत्तरे बिलावर लिहून मागा. दुकानदार कपाळाला आठ्या घालील, घालू द्या. शंभर गिऱ्हाइकांनी हेच विचारले की आठ्या कंपनीच्या कपाळावर जातील. आणि जुने यंत्र बंद पडले, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एखाद्या कारागिराला मोटर उघडून पाहू द्या. जळलेली तार बदलता येते. तो कारागीर एकदा दुकान बंद करून गेला, तर त्याच्या जागी दुसरा कोणत्याही एक्स्चेंजमध्ये मिळणार नाही.