स्क्रीनच्या आधीचं काम

यूएक्स (वापरकर्त्याचा अनुभव) डिझायनरच्या जागेसाठी आलेले पाच पोर्टफोलिओ लागोपाठ उघडून पाहा. पहिल्यात घरपोच जेवण मागवण्याच्या एखाद्या प्रसिद्ध ॲपला नवं रूप दिलेलं असेल. दुसऱ्यात मनःशांतीचं ॲप, तिसऱ्यात पुन्हा जेवण. प्रत्येकात एक काल्पनिक ग्राहक भेटेल : वय अठ्ठावीस, आयटीत नोकरी, कॉफीची आवड, वेळेची टंचाई. मग भिंतीवरच्या पिवळ्या-गुलाबी चिठ्ठ्यांचा फोटो, आणि शेवटी तिरका ठेवलेला, सावली पडलेला फोन व त्यात एक देखणी स्क्रीन. मुलं मेहनती आहेत, फिग्मावर त्यांचा हात बसला आहे, रंगांची जाण आहे. पण पाचही वाचून संपले तरी एका प्रश्नाचं उत्तर हाती लागत नाही : ही गोष्ट इथेच का ठेवली आणि तिला हेच नाव का दिलं?

या व्यवसायाचं खरं मोल त्या उत्तरात आहे. आपल्याकडचे क्लास, नोकरीच्या जाहिराती आणि मुलाखती मात्र त्या प्रश्नाला वळसा घालून पुढे जातात.

माहितीची मांडणी हे स्वतंत्र कौशल्याचं काम आहे, हे जगाने वेब येण्याच्या बरंच आधी ओळखलं होतं. रिचर्ड सॉल वर्मन या वास्तुविशारदाने १९७६ साली अमेरिकी वास्तुविशारदांच्या फिलाडेल्फिया अधिवेशनाचा विषयच ‘माहितीचं वास्तुशास्त्र’ असा ठेवला होता. पुढे १९९८ मध्ये लुई रोझेनफेल्ड आणि पीटर मोरव्हिल यांचं वेबच्या माहितीरचनेवरचं पुस्तक आलं. मुखपृष्ठावर ध्रुवीय अस्वल असलेलं ते पुस्तक एका पिढीने अक्षरशः पाठ केलं. हे दोघेही ग्रंथालयशास्त्र शिकलेले होते, हा योगायोग नव्हे. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये कोलन वर्गीकरण प्रसिद्ध केलं, तेव्हा विषयाला एकाच कप्प्यात न कोंबता त्याचे निरनिराळे पैलू धरून त्याच्यापर्यंत पोचण्याची सोय केली. आज खरेदीच्या साइटवर आपण माप, रंग, किंमत अशा चौकटींवर खुणा करत साडी शोधतो, त्यामागे विचार तोच आहे.

मग पदनामांची उलथापालथ झाली. २००९ मध्ये मेम्फिसच्या परिषदेत जेसी जेम्स गॅरेट यांनी समारोपाच्या भाषणात सांगून टाकलं की माहिती-रचनाकार असं कुणी वेगळं नसतं, आपण सगळे यूएक्स डिझायनरच. या व्यावसायिकांची २००२ साली स्थापन झालेली संस्था २०१९ मध्ये बंद झाली. पदनाम मागे पडलं, काम मात्र उरलं. ते विखुरलं : थोडं डिझायनरकडे, थोडं प्रॉडक्ट मॅनेजरकडे, थोडं मजकूर लिहिणाऱ्याकडे, आणि बरंचसं कुणाकडेच नाही. जिथे त्याला वाली नसतो, तिथे कार्यालयातली खाती जशीच्या तशी मेन्यूत उतरतात.

हे समजून घ्यायचं तर एक सराव करून पाहण्यासारखा आहे. जमिनीशी संबंधित कामं एकेका कार्डावर लिहा : सातबारा, आठ-अ, फेरफार, वारस नोंद, बोजा कमी करणे, मोजणी, मिळकत पत्रिका, खरेदीखत, ई-पीक पाहणी. जोडीला मृत्यूचा दाखला आणि पीककर्जही घ्या. ही कार्डं महसूल खात्यात नोकरी केलेल्या माणसापुढे ठेवून गठ्ठे करायला सांगा. तो बहुधा कार्यालयांप्रमाणे लावेल : तलाठ्याकडचं इथे, भूमी अभिलेखचं तिथे, दुय्यम निबंधकाचं पलीकडे. कुठली फाइल कुणाच्या टेबलावर असते हे त्याला माहीत असतं, त्यामुळे त्याच्या जागी तो बरोबर आहे. आता तीच कार्डं वडील नुकतेच गेलेल्या शेतकऱ्यापुढे ठेवा. मृत्यूचा दाखला, वारस नोंद, बँकेचा बोजा, भावाभावांतली वाटणी आणि त्यासाठीची मोजणी हे सगळं तो एकाच गठ्ठ्यात टाकण्याची शक्यता जास्त. त्याच्या डोक्यात खाती नसतात, घरावर आलेला प्रसंग असतो. एखादं कार्ड तो हातात धरून बसेल. ‘मिळकत पत्रिका म्हणजे सातबाराच ना?’ असं विचारेल. तो जिथे थबकतो ती जागा टिपून ठेवायची. सबंध सरावातली सगळ्यात मोलाची नोंद तीच.

याला कार्ड सॉर्टिंग म्हणतात. त्याची उलट तपासणी म्हणजे ट्री टेस्टिंग. त्यात रंग नाहीत, चित्रं नाहीत, नुसत्या शब्दांतला मेन्यू पुढे ठेवायचा आणि एक काम सांगायचं : ‘आईचं नाव उताऱ्यावर लावायचंय, कुठे जाल?’ माणूस कुठे शिरतो, कुठून माघारी फिरतो, कुठे नाद सोडतो, ते गुपचूप पाहायचं. मदत करायची नाही. नवख्या डिझायनरला हे शेवटचं सगळ्यात जड जातं.

मांडणी मेन्यूपाशी संपतही नाही. वारस नोंदीचा ऑनलाइन अर्ज भरला की पुढे काय होतं ते बघा. नोंद धरली जाते, हितसंबंधितांना हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात आणि त्यानंतर कुठे सातबाऱ्यावर नाव दिसतं. डिझायनरने स्क्रीनवर नुसतं ‘अर्ज यशस्वी’ लिहून सोडलं, तर अर्जदार तिसऱ्या दिवशी उतारा काढणार, नाव नाही म्हणून घाबरणार आणि तालुक्याला हेलपाटा घालणार. ‘आता हरकतीची मुदत चालू आहे, अमुक तारखेनंतर पाहा’ एवढी एक ओळ तो हेलपाटा वाचवते. ती ओळ लिहायची तर अर्धा दिवस तलाठी कार्यालयाच्या बाकावर बसून लोक काय विचारतात ते ऐकावं लागतं.

पोर्टफोलिओत हे दिसत नाही, कारण ते दाखवायला अवघड आहे. एका जागेसाठी ढीगभर अर्ज आलेले असतात, रिक्रूटर प्रत्येकाला दोन-चार मिनिटं देतो, आणि तेवढ्यात नजरेत भरते ती स्क्रीन. क्लासवाले तेच शिकवतात जे खपतं. अहमदाबादची एनआयडी १९६१ पासून आणि आयआयटी मुंबईचं आयडीसी १९६९ पासून डिझाइन शिकवत आहेत, पण प्रवेशपरीक्षांतून तिथे पोचणारे थोडे. बाकीची मुलं काही महिन्यांचा कोर्स करून बाजारात उतरतात. जाहिरातीही पाहण्यासारख्या असतात : एकाच जागेला संशोधन, वायरफ्रेम, व्हिज्युअल, ॲनिमेशन, थोडं कोडिंग आणि आता एआय, अनुभव दोन वर्षं. पद मोठ्या थाटाचं आणि हातात काम बॅनर बनवण्याचं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

कंपन्यांचं ठरलेलं उत्तर असतं की दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये संशोधनाला वेळ कुठला? हे पटण्यासारखं नाही. वापरातल्या बहुतेक अडचणी पाच माणसांबरोबर तपासणी केली तरी उघड्या पडतात, हे जेकब नील्सन यांनी २००० सालीच मांडलं. कार्ड सॉर्टिंगला जास्त माणसं लागतात, त्यासाठी त्यांनी १५ हा आकडा सुचवला होता. म्हणजे काम दोन-तीन दिवसांचं. चुकीचा मेन्यू बांधून झाल्यावर मदतकेंद्राचे फोन घेण्यात याहून किती तरी जास्त वेळ जातो.

हेच कौशल्य उलट्या दिशेनेही वापरता येतं. वर्गणी सुरू करायचं बटण पहिल्या पानावर आणि बंद करायचं पाच पानं आत, ही चूक नसते; विचारपूर्वक केलेली मांडणी असते. हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये अशा क्लृप्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिलं. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढून असे १३ प्रकार नमूद केले, त्यात वर्गणीचा हा सापळाही आहे. जबाबदारी कंपनीची असली तरी आराखडा डिझायनरच्या हातून जातो. मीटिंगमध्ये ‘कॅन्सल जरा आत सरकव’ असं फर्मान निघालं, तर सगळ्यात ज्युनियर माणसालाही आता तो कागद टेबलावर ठेवता येतो. पूर्वी त्याच्याजवळ फक्त सदसद्विवेक होता, आणि तेवढ्यावर मीटिंग जिंकता येत नाही.

मराठी मुलामुलींसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. आयडीसीत तयार झालेला ‘स्वरचक्र’ हा कीबोर्ड पाहा. अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने लावलेली आहेत. ‘क’वर बोट ठेवलं की त्याच्याभोवती का, कि, की, कु यांचं चक्र उमटतं, हव्या त्या दिशेला बोट सरकवायचं. इंग्रजी टंकलेखन ज्याने कधी केलं नाही त्यालाही ते उमगतं, कारण हा क्रम त्याने पहिलीतच पाठ केलेला असतो. लोकांच्या डोक्यात आधीपासून असलेली व्यवस्था ओळखायची आणि तिच्यावर रचना उभी करायची, ही या कामाची उत्तम जात. गावच्या बँकेत चार बायकांच्या स्लिपा भरून देणाऱ्या मुलीला अशा व्यवस्था ठाऊक असतात. पण पोर्टफोलिओ करताना ती ते सगळं झाकून ठेवते आणि कॉफी पिणारी अठ्ठावीस वर्षांची बाई कल्पनेतून उभी करते. तिच्याजवळचं ज्ञान बंगळुरूतली कंपनी पैसे मोजून मागवते, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

एका वाक्यावरून एआय आता दहा स्क्रीन काढून देतो. तेव्हा पोर्टफोलिओत एक तरी पान असं ठेवा ज्यावर स्क्रीनच नाही : आधीचा मेन्यू, नंतरचा मेन्यू, कुणाकुणाला विचारलं, कोण कुठे अडलं, कुठलं नाव टाकून दिलं आणि का. नोकरी देणाऱ्यांनीही मुलाखतीत घटकाभर लॅपटॉप मिटून उमेदवारापुढे कार्डांचा गठ्ठा ठेवावा. त्याने लावलेल्या क्रमापेक्षा तो आधी काय विचारतो ते ऐकावं. ‘हे वापरणार कोण?’ हा प्रश्न आला, तर त्याला घ्या. आणि जाहिरातीत या कामाचा उल्लेख करून पगारही त्याच कामाचा द्या, बॅनरचा नको.