दार बळकट असावे, पण दारी माणूस असावा!

सायंकाळी तोफ झाली की रायगडाचे दरवाजे मिटत आणि सकाळपर्यंत ते कोणासाठीही उघडत नसत, असे महाड तालुक्यात पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते. दूध घालावयास गडावर गेलेल्या हिरकणीला एके दिवशी उशीर झाला. पहारेकऱ्यांनी नियमावर बोट ठेवले. खाली घरी तान्हे मूल भुकेने रडत होते. तेव्हा ती माउली अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी दुसऱ्या दिवशी पहारेकऱ्यांना बोल लावला नाही, कारण त्यांनी हुकूम पाळला होता. त्यांनी हिरकणीचा साडीचोळी देऊन गौरव केला आणि ती जेथून उतरली तेथे बुरूज बांधला. या आख्यायिकेत इतिहास किती, हे संशोधकांनी ठरवावे. परंतु सरकारी इमारतीच्या दारावर कोणते यंत्र बसवावे, या आजच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिच्यात आहे.

हा प्रश्न आज निघण्याचे कारण मुंबईचे मंत्रालय. २०२५ च्या आरंभी तेथे चेहरा ओळखून दार उघडणारी यंत्रे बसली. अभ्यागतांना ज्या मजल्यावर काम असेल त्याच मजल्याची वाट मोकळी करणारी कार्डे आली. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून 'डिजीप्रवेश' नावाच्या मोबाईल ॲपवर नोंदणी करून पास घ्यावा, असे फर्मान निघाले. सर्वसाधारण जनतेने दुपारी दोननंतर यावे, वृद्ध व अपंग यांनी बारापासून, असेही ठरले. आज जे मुंबईत झाले ते उद्या अलिबागच्या जिल्हाधिकारी कचेरीत आणि परवा महाडच्या प्रांत कचेरीत होणार, हे सांगावयास ज्योतिषी नको.

सुरक्षितता नको, असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर आणि २००८ साली या मुंबईवर काय गुदरले, ते आम्ही विसरलेलो नाही. मंत्रालयात दलालांचा सुळसुळाट असे आणि कामाशिवाय मजल्यामजल्यांवर हिंडणाऱ्यांना कोणी हटकत नसे, हेही खरे आहे. दाराला कडी हवीच. वाद आहे तो कडी कोणती आणि कोठे, एवढाच.

या बाबतीत सरकारी खाती ज्या मोहाला बळी पडतात तो मोह म्हणजे सर्वांत नवे ते सर्वांत सुरक्षित असे मानण्याचा. वास्तविक प्रत्येक यंत्राची खोड निराळी असते. कार्ड हरवते, दुसऱ्याच्या हाती पडते. जुन्या पद्धतीच्या साध्या कार्डाची तर सहज नक्कल करता येते. बोटाच्या ठशाचे यंत्र बाबूचे बोट ओळखते, पण भातलावणीत आणि दगडमातीत ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या त्याला परका समजते. रेशनच्या दुकानात हा अनुभव आपल्या खेड्यांनी पुरेपूर घेतला आहे. चेहऱ्याचे यंत्र त्याहून हुशार खरे. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१९ साली अशा अनेक यंत्रप्रणाली तपासल्या, तेव्हा त्यांतील पुष्कळांच्या हातून आशियाई आणि आफ्रिकी चेहऱ्यांच्या बाबतीत अधिक चुका होतात, असे आढळले. शिवाय चोरीस गेलेला परवलीचा शब्द बदलता येतो. चोरीस गेलेला चेहरा बदलावयाचा कसा? २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहे. परंतु त्यातून आपल्याच यंत्रणांना सूट देण्याची मुभा सरकारने स्वतःकडे राखून ठेवली आहे.

समजा, यंत्र निर्दोष निघाले. तरी ते काय सांगते? समोर उभा असलेला माणूस कोण आहे, एवढेच. त्याच्या मनात काय आहे, हे ते सांगत नाही. १३ डिसेंबर २०२३ रोजी लोकसभेच्या सज्जातून सभागृहात उड्या टाकून धूर सोडणारे तरुण रीतसर पास घेऊन आत आले होते. दाराने आपले काम चोख केले होते!

पोलादपूरच्या मातीला हे शिकवावयास नको. त्या तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. १६७० साली कोंढाणा घेताना त्यांनी बंद दरवाजाशी डोके फोडले नाही. जो कडा चढून कोणी येणार नाही, असे किल्लेदाराने गृहीत धरले होते, त्या कड्याने ते वर गेले. आणि १६८९ साली रायगड मोगलांच्या हाती गेला तो आतल्या माणसाच्या फितुरीने, असे परंपरा सांगते. न राखलेला कडा आणि फुटलेला आतला माणूस, हे दोन शत्रू दाराच्या यंत्राला दिसतच नाहीत. म्हणून सर्वांत कडक कुलूप हवे ते अभिलेखांच्या खोलीला, संगणकांच्या दालनाला आणि तिजोरीला. तेथे कार्डही असावे, चेहराही तपासावा, आत कोण केव्हा गेले याची नोंदही राहावी, आणि ही सक्ती अधिकाऱ्यांनाही असावी. जनतेच्या दारात धातुशोधक, सामानाची तपासणी आणि डोळस पहारा एवढे पुरे आहे.

कारण त्या दारात कोण येतो, याचा विचार करा. २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यातील तळिये आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व सुतारवाडी यांवर दरड कोसळली. अशा एखाद्या वाडीतला म्हातारा घराच्या किंवा जमिनीच्या कागदासाठी मुंबईस निघाला आहे, अशी कल्पना करा. तालुका झाला, जिल्हा झाला, आता मंत्रालय. वर्षानुवर्षे रखडलेल्या महामार्गाने पावणेदोनशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करून, एस.टी.त रात्र काढून तो दाराशी येतो. ॲप त्याला ठाऊक नाही. आधारशी जोडलेला मोबाईल मुलाजवळ आणि मुलगा सुरतेस. अशांसाठी उद्यानाच्या फाटकाशी खिडकी ठेवली आहे, असे सरकार सांगते. ठीक. पण त्या खिडकीवरचा माणूस 'यंत्र घेत नाही' असे म्हणून हात झटकणार असेल, तर ती खिडकी म्हणजे भिंतीवर काढलेले चित्र!

२०१८ च्या जानेवारीत धुळे जिल्ह्यातील वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांनी जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालून अखेर मंत्रालयातच विष घेतले आणि त्यांचे प्राण गेले. पुढच्याच महिन्यात मंत्रालयाच्या चौकात जाळी लावण्यात आली, कारण माणसे वरून उड्या टाकू लागली होती. सरकारनेही बुरूज बांधला म्हणावयाचा. पण महाराजांनी आधी हिरकणीचे ऐकून घेतले होते, हे मात्र सरकार विसरले.

दार कागदावर उघडे आणि व्यवहारात बंद, हा प्रकार महाडला नवा नाही. १९२३ साली मुंबईच्या विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला, आणि तरीही अस्पृश्यांना पाण्याला हात लावता येत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळ भरली तेव्हा ठरावाला अर्थ आला. तळ्याचा जातिद्वेष आणि यंत्राची आंधळी शिस्त यांची बरोबरी आम्ही करीत नाही. परंतु ठराव झाला म्हणजे दार उघडले, असे होत नाही, हा धडा तोच आहे.

तेव्हा सरकारला आमचे सांगणे असे : यंत्रे खरेदी करताना कंपनीचे दिमाखदार प्रात्यक्षिक पाहून भुलू नका, झिजलेली बोटे, पिकलेले केस, पदर घेतलेले चेहरे यांच्यावर ती आधी तपासा, आणि किती खऱ्या माणसांना यंत्राने परतवले, तो आकडा दरमहा प्रसिद्ध करा. वीज गेली किंवा आग लागली तर बाहेर पडण्याचे प्रत्येक दार आतून हाताने उघडलेच पाहिजे. २१ जून २०१२ ची मंत्रालयाची आग अजून स्मरणात आहे. अभ्यागताच्या चेहऱ्याची नोंद त्याचे काम संपल्यावर ठरावीक मुदतीत पुसा. आणि सर्वांत महत्त्वाचे : प्रत्येक यंत्राशेजारी एक जबाबदार अधिकारी बसवा. यंत्राने नाकारलेल्या माणसाला झडती घेऊन, नावनिशी लिहून, आपल्या सहीने आत सोडण्याचा अधिकार त्याला असावा. आणि नाकारलेच, तर कारण लिहून देण्याचे बंधनही असावे.

रायगडाच्या पहारेकऱ्याला तो अधिकार नव्हता, म्हणून हिरकणीला कडा उतरावा लागला. ती उतरली आणि वाचली. दरवेळी तसे होत नाही.