मुद्रा तुकोबांची, ओळ दुसऱ्याची

तुकोबांच्या नावावर कुणी चार ओळी रचून फिरवल्या आणि देहू-आळंदीकडच्या माणसाने त्याला हटकले, की एक ठरलेले उत्तर मिळते. संतवाङ्मय लोकांचे आहे, त्यावर कुणाची मालकी नाही. मूळ कवीची संमती वगैरे गोष्टी इंग्रजांच्या कायद्याबरोबर आल्या. आपल्याकडे सगळे असेच वाढत आले, तेव्हा चिडणारे भाविकच कोत्या मनाचे. हे उत्तर ऐकायला उदार वाटते, पण ते खोटे आहे. ज्या मातीत उभे राहून ते दिले जाते, त्या मातीचा इतिहासच त्याच्याविरुद्ध साक्ष देतो.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण म्हटले की आज प्रेसशॉप, तीन पाळ्या आणि पहाटेच्या कंपनी-बस डोळ्यांपुढे येतात. पण एकाच्या कृतीत दुसऱ्याने भर घालावी का, हा वाद मराठीत जितका या पट्ट्यात झाला तितका क्वचितच कुठे झाला असेल. देहू इथलेच, आळंदीही इथलीच. तुकोबांचे अभंग उतरवून घेणारे संताजी जगनाडे चाकणचे, त्यांची समाधी सुदुंबऱ्याला. दुसरे लेखनिक गंगाराम मवाळ कडूसचे. मुंबई सरकारच्या मदतीने तुकोबांचा गाथा 1869 आणि 1873 साली दोन खंडांत छापला गेला, तेव्हा विष्णु परशुराम शास्त्री पंडितांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या पोथ्या समोर ठेवून पाठ ठरवले. ज्यांनी वह्या जपल्या, त्यांच्याच गावांत आता कारखाने आहेत.

संमतीची कल्पना परकी आहे, हा पहिला आक्षेप. तुकोबांनी स्वतः सांगितलेली हकीकत आठवा. नामदेवराय स्वप्नात पांडुरंगाला घेऊन आले, त्यांनी तुकोबांना जागे केले आणि आपल्या शतकोटी अभंगांच्या संकल्पात जे राहिले ते पुरे करण्याची आज्ञा दिली. तीन शतकांपूर्वी होऊन गेलेल्या कवीचे काम पुढे न्यायचे, तर त्याचा होकार आधी हवा, असे देहूच्या वाण्याला वाटले. तो होकार त्यांनी अभंगातच नोंदवून ठेवला. आणि होकार मिळाल्यावरही त्यांनी 'नामा म्हणे' लिहिले नाही. संकल्प नामदेवांचा होता, मुद्रा तुकोबांचीच राहिली. पैठणची परंपराही हेच सांगते. एकनाथांचे भावार्थ रामायण युद्धकांडात अपुरे राहिले आणि ते त्यांच्या शिष्याने, गावबाने, पूर्ण केले. तो पूर्ण करील असे नाथांनी आधीच सांगून ठेवले होते, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी की रचलेली, हा प्रश्न इथे गौण आहे. ती जपणाऱ्या समाजाला गुरूच्या संमतीची गरज वाटत होती, एवढे तिच्यातून नक्की दिसते.

ज्याला संमती नव्हती, त्याचे काय झाले? सालोमालोचे नाव आपल्याला ठाऊक आहे ते तुकोबांनीच त्याला अभंगात गाठले म्हणून. संतांची वचने मोडून त्यांचे दागिने घालून मिरवणारा, दुसऱ्याचे आपले म्हणणारा, असा त्यांचा रोख आहे. ज्या माणसाने सावकारीची खतावणी इंद्रायणीत सोडली, त्याला मालमत्तेचा लोभ होता असे कुणी म्हणू शकत नाही. पण अभंगांच्या वह्या नदीत बुडाल्या तेव्हा तो तेरा दिवस काठावर पडून राहिला. त्याचा जीव शब्दांत होता.

नाथांनी तर हा प्रश्न संपादकाच्या हाताने सोडवला. आळंदीत अजानवृक्षाची मुळी ज्ञानदेवांच्या कंठाला लागली, ती काढायला नाथ समाधीपाशी आले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्यानंतर शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. पाठांतरात आणि नकलांत शिरलेले अपपाठ दूर केले, शेवटी आपण काय केले ते आपल्या नावाने सांगितले आणि यापुढे कुणी पदरची ओवी घुसडील तर तो अमृत नासवील, अशा आशयाचा कडक इशारा दिला. नाथ स्वतः मोठे कवी होते. ज्ञानदेवांच्या ओवीशेजारी आपली ओवी बसवणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी ती बसवली नाही. कॉपीराइटचा कायदा यायला तेव्हा शतके होती.

दुसरा आक्षेप अधिक लोभस आहे: भर पडत गेली म्हणून तर परंपरा श्रीमंत झाली. भर पडली हे खरे. पण कोणती भर टिकली ते बघा. पिंपळनेरचे निळोबा तुकोबांना गुरू मानत, त्यांच्या वळणाने लिहीत, आणि प्रत्येक अभंगावर 'निळा' अशी मुद्रा ठेवत. शिऊरच्या बहिणाबाईंनी 'बहिणी' म्हटले. वारकरी कीर्तनात निळोबांपर्यंतचे अभंग प्रमाण म्हणून चालतात, ते त्यांनी तुकोबांचे नाव वापरले म्हणून नव्हे. उलट, नाव न लावता मिसळलेल्या रचनांनी काय केले? पंडितांच्या गाथ्यात साडेचार हजारांवर अभंग होते, तुकाराम तात्या पडवळांच्या 1889 च्या गाथ्यात आठ हजारांवर गेले, तर संताजींच्या वह्यांवरून वि. ल. भाव्यांनी 1919-20 च्या सुमारास जो 'अस्सल गाथा' काढला त्यात तेराशेच्या आसपास. वाढीव ते सगळे बनावट, असे मी म्हणत नाही. पण आज कुठल्याही ओळीपाशी अभ्यासकाला थांबून विचारावे लागते की हे तुकोबा बोलत आहेत का. परखड तुकोबांच्या तोंडी बुळबुळीत उपदेश आणि सनातन्यांना सोयीचे दाखले घातले गेले असतील, तर ते निवडून काढायचे कसे? याला मी श्रीमंती म्हणणार नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त लागतो: चिडणाऱ्यांना काव्य कळत नाही. आमच्या भागातल्या एका सप्ताहात कीर्तनकार बुवांनी निरूपणात एक चरण घेतला. बुवांनी प्रमाण उचलले की पुढचा चरण टाळकरी उचलतात आणि मृदंगावर थाप पडते. त्या रात्री पुढचा चरण कुणालाच उचलता येईना. पहिल्या रांगेतला एक टाळकरी, पाळी बदलून घेऊन कंपनीतून थेट आलेला, टाळ छातीशी धरून नुसता उभा राहिला. कीर्तन आटोपल्यावर तो बुवांच्या पाया पडला आणि म्हणाला, "बुवा, तो अभंग कुठल्या प्रतीतला? आमच्या गाथ्यात नाही." बुवांनी मोबाइलवर आलेला मजकूर दाखवला. तेव्हा तो म्हणाला, "मग माऊली, तुकोबांच्या नावावर नका घेऊ. तुमचा म्हणून सांगा, आम्ही ऐकू." साडेतीनशे वर्षांपूर्वीचा पाठ ज्याच्या जिभेवर आहे, ज्याला खोटा चरण कानाने ओळखता येतो, त्याला काव्य कळत नाही असे म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. आता तर संगणकाला सांगितले की तो घटकाभरात 'तुका म्हणे'ने संपणारा अभंग जुळवून देतो. असे कान यापुढे अधिकच लागतील.

प्रतिपक्ष इथे प्रभातचा 'संत तुकाराम' पुढे करतो. 1936 च्या त्या चित्रपटातले बीज आणि वृक्षाचे गाणे शांताराम आठवल्यांनी लिहिले, आणि लोकांनी ते तुकोबांचेच समजून देव्हाऱ्यात नेले. मग भाविकही फसलेच ना? फसले, पण आठवल्यांनी फसवले नाही. गीतकार म्हणून त्यांचे नाव होते आणि त्या गाण्यात तुकोबांची मुद्रा त्यांनी घातली नाही. तुकोबांच्या इतक्या जवळ जाऊनही सही करायची वेळ आली तेव्हा ते थांबले. ज्या चित्रपटाने सालोमालोला खलनायक केले, त्याच्या गीतकाराला हे शोभलेच.

हीच कसोटी आमच्या बाजूच्या माणसांनाही लावली पाहिजे, आणि तिथे मी वारकरी मंडळींशी भांडेन. आनंद यादवांच्या 'संतसूर्य तुकाराम' या कादंबरीतले तुकोबांचे तरुणपण देहूकरांना सहन झाले नाही. यादवांनी जाहीर माफी मागितली, पुस्तक मागे घेतले, तरी त्यांना 2009 च्या महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सोडावे लागले आणि ते संमेलन अध्यक्षाविना झाले. यादव सालोमालो नव्हते. मुखपृष्ठावर त्यांचे नाव होते आणि पुस्तक स्वतःला कादंबरी म्हणवत होते. दि. बा. मोकाशींनी 'आनंदओवरी'त तुकोबांच्या धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या, तोंडून कहाणी सांगितली तीही कल्पनाच, आणि तिने आपल्याला तुकोबांच्या अधिक जवळ नेले. यादवांची कादंबरी फसली असे ज्यांना वाटले त्यांनी ती ओळीओळीने खोडून काढायची होती. लेखकाला व्यासपीठावरून उतरवणे ही आपली हार होती. संताजींच्या वह्यांत उत्तर देण्याजोगे भरपूर आहे.

असे उत्तर कसे द्यावे, याचा दाखला बाहेरही आहे. स्पेनमध्ये 1614 साली आवेयानेदा या टोपणनावाने कुणी 'डॉन किहोते'चा बनावट दुसरा भाग छापला. मूळ लेखक सर्व्हान्तेसने 1615 मध्ये आपला खरा दुसरा भाग काढला आणि त्यात नायकाला बनावट पुस्तकातल्या सारागोसाच्या वाटेवरून मुद्दाम बार्सिलोनाकडे वळवले. रागाचे उत्तम उत्तर लेखणीनेच निघते. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 57 ही तक्रार ओळखते: हक्क विकल्यानंतरही कृतीची मोडतोड झाली तर लेखक दाद मागू शकतो. पण जे हयात नाहीत, ज्यांचा हक्क काळाने संपवला, त्यांच्या बाजूने न्यायालयात जायला सहसा कुणी उरत नाही. तिथे वाचकच उरतो.

तेव्हा मागणे एवढेच. लेखक हयात असेल तर त्याला विचारा आणि तो नाही म्हणाला तर थांबा. लेखक नसेल तर हवे तितके पुढे लिहा, उलटे लिहा, त्याच्याशी भांडा, पण सही आपली करा. प्रकाशकांनी आणि गीत-ध्वनिमुद्रिका काढणाऱ्यांनी मूळ रचना कोणती आणि भर कुणाची हे पहिल्या पानावर छापावे. आणि तुमच्या मोबाइलवर उद्या 'तुका म्हणे' अशी ओळ आली, तर ती पुढे पाठवण्याआधी गाथा उघडून बघा. गाथ्यात नसेल, तर पाठवणाऱ्याला तसे स्पष्ट कळवा.